बसवलेली माणसं

गावच्या चौकात स्वामीअप्पांचा फ्लेक्स लागला होता. खाली हात जोडलेले आमचे पुढारी आणि त्यांची पिलावळ, आणि त्या गर्दीच्या वर, कोपऱ्यात कुठंतरी अप्पा. मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'काशिनाथ स्वामी यांचे दुःखद निधन.' मी जालन्याहून एसटीनं येऊन उतरले, ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. पर्समध्ये शाळेचा मार्कर होता. 'दुःखद निधन'वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'लिंगैक्य', म्हणजे लिंगात एकरूप झाले. पानटपरीवाला म्हणाला, "मॅडम, फ्लेक्स पुढाऱ्याचा हाय." म्हटलं, "मंग सांग त्यांना कुणी रेघ मारली ते. नाव लिहून घे माझं."

ही रेघ माझी नाही, अप्पांचीच. हॉटेलात पेपर आला की अप्पा आधी निधनवार्तांचं पान काढायचे. खिशातला पेन काढून एकेक शब्द खोडायचे. 'दुःखद' खोडायचे, 'निधन' खोडायचे, 'अंत्यविधी' तर दोनदा खोडायचे. मग 'त्यांच्या पश्चात' खोडून वर बारीक अक्षरात लिहायचे, 'त्यांच्यासंग'. हॉटेलवाल्यानं शेवटी कंटाळून दोन पेपर लावले, एक गिऱ्हाइकांना आणि एक अप्पांना खोडायला.

अप्पा आमच्या गावातल्या लिंगायत घरांचे जंगम, म्हणजे गुरू. गाव कुंभार पिंपळगावच्या अलीकडं, आमची घरं तीस-पस्तीस. बारशापासून शेवटापर्यंत सगळं अप्पांच्या हातून. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळभर भस्म लावतात, मांडी घालून बसवतात, तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. वर मीठ, बेल, भस्म आणि माती. आता ह्याला बाहेरचा माणूस काय म्हणेल? पुरलं म्हणेल. हा शब्द अप्पांच्या समोर काढायची सोय नव्हती.

"पुरत्यात ते हंडे," अप्पा म्हणायचे. "न्हाईतर मेलेली कुत्री. माणसाला बसवत्यात."

त्यांचं सगळंच असं होतं. खड्डा नाही म्हणायचं, घर म्हणायचं. खणायचं नाही, घर काढायचं. ज्या बांबूच्या चौकटीत माणसाला बसवून नेतात ती तिरडी नाही, विमान. आणि जिथं नेतात ते स्मशान तर मुळीच नाही, ती बाग. गावाच्या पूर्वेला गायरानाच्या कडेला दीड एकराचा तुकडा, त्यात बेलाची चार झाडं आणि बिनअक्षराचे दगड. त्याला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गुरूची बाग म्हणत आलो. लहानपणी मला खरंच वाटायचं की तिथं पेरू असतील.

मी कॉलेजात असताना एकदा शहाणपणा करायला गेले. म्हटलं, अप्पा, शब्द बदलून काय होतं? माणूस तर गेलेलाच असतो. अप्पा चिडले नाहीत, हे विशेष. म्हणाले, "आडवं कोण ऱ्हातं? आजारी माणूस, न्हाईतर दमलेलं. आपला माणूस जनमभर उभा ऱ्हातो. शेतात उभा, दुकानात उभा, सायबाच्या दारात उभा. त्याला कुणी बस म्हणलं का कव्हा? आपुन म्हणतो. येवढंच करतो आपुन."

घर काढून झालं की अप्पा धोतर आवरून स्वतः आत उतरायचे. मांडी घालून बसायचे. डोकं मागं टेकवून बघायचे, गुडघे दोन्हीकडं लागतात का बघायचे. वर सगळा गाव उभा, घरचे रडताहेत, आणि खालून आवाज यायचा, "पाठ टेकत न्हाई बराबर. जरा तासा हितं." कुणी म्हणालं, अप्पा, चालतंय आता, की खालून लगेच यायचं, "तुला चालतंय. बसायचं त्याला हाय."

आणि मग माणसाला आत बसवलं, बेल वाहिला, की माती लोटायच्या आधी अप्पा वाकून त्याच्या कानाशी बोलायचे. मंत्र झालेले असायचे, हे मंत्राच्या पलीकडचं, त्यांचं स्वतःचं. "आता बसा निवांत. कुणी उठ म्हणणार न्हाई." काठावरच्या सगळ्यांना ऐकू जायचं. मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं, की मला वाटायचं सगळ्या जगात असंच म्हणतात.

माझी आई गेली तेव्हा मी जालन्यात शाळेवर होते. भावाचा फोन आला, मी तशीच रिक्षात बसले आणि रिक्षातूनच अप्पांना फोन लावला. काय बोलत होते माझं मलाच कळत नव्हतं. विचारलं, "अप्पा, आईला कधी पुरायचं?"  मग फोन कट. मला वाटलं रेंज गेली. परत लावला, उचलला नाही. भर रिक्षात मी त्या म्हाताऱ्याला नाही नाही ते बोलले. पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. म्हणाले, "आता नीट इच्यार."

मी रडत होते. रडत रडतच म्हटलं, "आईला कधी बसवायचं?"

"हं. चार वाजता. तू आल्याबिगर बसवत न्हाई. गडबड करू नको."

मराठी शिकवते मी, वीस वर्षं झाली. पोरांच्या वह्यांतले शब्द लाल पेनानं खोडते. पण त्या रिक्षात कुणी माझा शब्द खोडला तेव्हा पहिल्यांदा मला आई दिसली. आजारपणातली नव्हे, दुपारी भांडी आवरून ओट्यावर जरा टेकायची तशी बसलेली. त्या दिवशी अप्पा तिच्या घरात बराच वेळ बसून राहिले. वर येऊन मला म्हणाले, "तिची पाठ दुखायची न्हाई का. मागं जरा उतार दिला."

दुसरा किस्सा मल्लिनाथचा. आमच्याच गल्लीतला, पंचवीस-सव्वीसचा, जालन्याच्या एमआयडीसीत एका स्टील मिलमध्ये कामाला. तिथं काहीतरी अंगावर पडलं. काय पडलं, कुणाच्या चुकीनं पडलं, हे आजतागायत त्याच्या बापाला कुणी धड सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोनं आणलं. सोबत मिलचा एक सुपरवायझर, हातात कागद. खाली उतरल्या उतरल्या म्हणाला, "बॉडी उतरवून घ्या जल्दी, टेम्पो वापस न्यायचाय."

अप्पा पुढं झाले. "बॉडी टेम्पोला असती. आत जो हाय त्याला नाव हाय. नाव घिऊन सांग."

त्याला नाव माहीत नव्हतं. कागदात बघायला लागला. अप्पा हात मागं बांधून तसेच उभे, पोरांना टेम्पोला हात लावू देईनात.  शेवटी त्यानं वाचून सांगितलं, "मल्लिनाथला उतरवून घ्या." अप्पा म्हणाले, "हं. आता बराबर बोलला."

पण पोरगं ताठ झालं होतं. मांडी घालायची कशी? जाणती माणसंच म्हणायला लागली, अप्पा, ह्याला आडवंच ठेवू, इलाज नाही. अप्पांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, एक त्याच्या मावशीला तेवढं आत ठेवलं, गरम पाण्याची फडकी मागवली आणि गुडघे शेकायला बसले. मी दाराशी होते, मला आत काय चाललंय ते ऐकू येत होतं. "मल्लू, सोड गुडघा. सोड बाप्पा. उभंच ठिवलं तुला त्येंनी, मला माहीत हाय. आता सोड." दोन तास चाललं होतं ते. दोन तासांनी दार उघडलं तेव्हा मल्लिनाथ भिंतीला टेकून मांडी घालून बसला होता आणि अप्पांचं धोतर पार भिजलं होतं. सुपरवायझर तोवर टेम्पोजवळ उभा, कारण अप्पांनी ड्रायव्हरची चावी काढून आपल्या खिशात ठेवली होती. त्या सुपरवायझरलाही बागेत नेलं, माती द्यायला लावली आणि मगच चावी दिली.

आता जमिनीचं सांगते. हे लिहिताना अजून माझे कान तापतात.

बाग आमच्या नावावर कधीच नव्हती, सरकारीच होती. फार पूर्वी तलाठ्यानं अप्पांच्या वडलांना विचारलं म्हणे, इथं काय आहे? ते अप्पांचेच वडील. म्हणाले, "बाग हाय." तलाठ्यानं लिहिलं, बाग. पुढं दुसरा तलाठी आला, त्याला ना संत्री दिसली ना मोसंबी, चार बेल आणि दगड. त्यानं बाग खोडलं आणि लिहिलं, पडीक. दोघांनीही आपापल्या परीनं खरंच लिहिलं होतं. आणि आम्ही येडे, आम्हाला कागद बघायची गरजच वाटली नाही.

रस्ता मोठा झाला, तुकडा रस्त्याला लागला आणि पुढाऱ्यांना तिथं गाळे दिसायला लागले. व्यापारी संकुल म्हणे. हेच पुढारी, फ्लेक्सवर हात जोडलेले. ह्यांच्या चुलत्याला अप्पांनी त्याच बागेत बसवलंय, मी तिथं होते, ह्यांनी स्वतः माती दिली आहे. गावात सगळ्यांना माहीत होतं तिथं काय आहे. कागदावर तेवढं नव्हतं. पंचनामा झाला, त्याची नक्कल मी काढली. त्यात लिहिलं होतं, 'सदर जागेत किरकोळ दगड आढळून आले.' माझी आई त्या किरकोळ दगडात होती. मल्लिनाथ होता. अप्पांची बायको गौराबाई होती.

मी हरकतीचा अर्ज लिहिला, अप्पांच्या नावानं. सुनावणीची तारीख आली. तालुक्याला जाताना जीपमध्ये मी त्यांना शिकवत होते, पोरांना शिकवते तसं.

"अप्पा, साहेब विचारतील, इथं प्रेतं पुरली आहेत का. तुम्ही फक्त होय म्हणायचं. बस्स. पुढचं मी बघते."

ते खिडकीबाहेर बघत होते.

"म्हणा बघू. होय, पुरली आहेत."

"तू कागदात लिव्हलंस का तसं?"

"लिहिलंय. लिहावंच लागतं. त्यांना तेवढंच समजतं."

मग म्हणाले, "त्या हापिसातल्या ईस-पंचवीस सायबांमधी एखाद्याची तरी माय गेली आसंल की न्हाई?" मी म्हटलं, अप्पा, विषय बदलू नका. त्यांनी पाणी प्यायलं आणि हळूच म्हणून बघितलं, "पुरली..." आणि तिथंच थांबले. मी जीपमध्येच ओळखायला पाहिजे होतं.

साहेबानं मान वर न करता विचारलं. समोर छापील कागद, प्रश्नापुढं होय आणि नाही. "सदर जागेत प्रेते पुरली आहेत काय?"

अप्पा उभे होते. खुर्ची रिकामी होती, कुणी बस म्हणालं नव्हतं.  मी मागून म्हटलं, "अप्पा, होय म्हणा." साहेबानं पेन वाजवला.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "प्रेत न्हाई तिथं येक बी. पुरलं न्हाई कुणाला. बसवलंय. माझ्या हातानं बसवलंय, पाठ टेकवून."

कारकुनानं 'नाही'वर खूण केली. मी उठले, म्हटलं, साहेब, त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा आहे की... साहेब म्हणाले, "मॅडम, अर्जदार तुम्ही आहात का? मंग बसा." मला बसायला सांगितलं त्यांनी, अप्पांना नाही. कारकुनानं लिहिलेला जबाब अप्पांपुढं सरकवला. 'सदर जागेत प्रेते पुरलेली नाहीत असे अर्जदार स्वतः सांगतात.' अप्पांना वाचता यायचं, चांगलं यायचं. त्यांनी ओळीवर बोट फिरवत वाचलं, मान हलवली आणि सही केली. त्यांच्या लेखी त्यात खोटं काहीच नव्हतं.

पायऱ्यांवर मी त्यांच्यावर ओरडले. माणसं जमली, मला भान नव्हतं. "एका शब्दापायी सगळं घालवलं तुम्ही. एक शब्द. तिथं कोण येणार होतं ऐकायला?"

"तुझी माय आयकती ना," ते म्हणाले. "तिच्या तोंडावर कसं म्हणू, तुला पुरलंय म्हून?"

मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, खरं सांगते. आणि त्याच वेळी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. 

वर अपील केलं. फोटो जोडले, गावकऱ्यांच्या सह्या जोडल्या. सह्या करताना किती जणांनी मान खाली घातली आणि किती जणांना अचानक शेतात काम निघालं, ती नावं माझ्याजवळ आहेत. उत्तर आलं, अर्जदारानेच जबाबात कबूल केलेले आहे, सबब अर्ज फेटाळण्यात येतो. मी ते पत्र अप्पांना वाचून दाखवलं. ते 'सबब' ह्या शब्दावर हसले. आमच्याकडं सबब म्हणजे खोटं निमित्त.

जेसीबी सोमवारी येणार होता. रविवारी सकाळी भावाचा फोन आला, अप्पा बागेत आहेत, ये. मी पहिल्या गाडीनं गेले.

अप्पा एकेका दगडापुढं उभे राहत होते. हातात तांब्या, खिशात बेल, काखेत एक टोपली. दगडावर पाणी घालायचे, बेल ठेवायचे आणि वाकून, कानाशी वाकायचे तसंच वाकून, म्हणायचे, "शिवअप्पा, उठा." मग तिथली मूठभर माती टोपलीत. पुढचा दगड. "गंगूबाई, उठा माय." मल्लिनाथपाशी जास्त वेळ लागला. "मल्लू, ऊठ बाप्पा. आत्ताच बसला व्हता, मला कळतंय." एकाही दगडावर अक्षर नव्हतं आणि त्यांचं एकही नाव चुकलं नाही. पुढाऱ्यांच्या चुलत्यालासुद्धा उठवलं त्यांनी, तितक्याच मऊ आवाजात. त्यांच्या जागी मी असते तर ठेवला असता तिथंच, गाळ्याखाली.

म्हटलं, "अप्पा, हे काय चालवलंय?"

"मी शबूद दिल्ता त्येंना. कुणी उठ म्हणणार न्हाई म्हून. आता उद्या ती मशीन उठवणार. परक्यानं उठवण्यापरीस म्या उठवतो. माझा शबूद, म्याच मोडतो."

आईच्या दगडापाशी आल्यावर ते थांबले आणि माझ्याकडं बघितलं. मी एक पाऊल मागं सरले. तेव्हा तेच वाकले. "सावित्री, ऊठ. पोरगी आलीया तुला न्यायला." ती मूठ त्यांनी टोपलीत टाकली नाही, माझ्या ओंजळीत दिली.

सगळ्यात शेवटी गौराबाई. तिथं अप्पा उभे राहिले नाहीत, समोर मांडी घालून बसले. ऊन चढलं तरी बसलेच. मी दूर बेलाखाली थांबले. ते उठून आले तेव्हा टोपलीत तिचीही माती होती. मला म्हणाले, "येक काम कर पोरी. मला बसवताल तव्हा ते कानातलं म्हणू देऊ नको कुणाला. खोटं पडलंय ते." मी हो म्हटलं. टोपली डोक्यावर घेऊन ते पुतण्याच्या शेताकडं चालत गेले, वाटेत कुणी घ्यायला हात पुढं केला तरी दिली नाही.

त्यानंतर ते फार बोलायचे नाहीत. हॉटेलात यायचे, पेपर उघडायचे, पण पेन काढायचे नाहीत. हॉटेलवाल्यानं एक पेपर बंद केला.

फ्लेक्सवर रेघ मारून मी पुतण्याच्या शेतावर पोचले तेव्हा घर काढून झालं होतं. काढलं कशानं, तर जेसीबीनं. दहा मिनिटांत झालं, पुतण्या कौतुकानं सांगत होता. तो आता जंगम, चांगला पोरगा आहे, मंत्र मोबाइलमध्ये बघून म्हणतो. अप्पा विमानात बसले होते, भस्म लावलेले, मान थोडी कलती. कडा सरळसोट कापलेल्या. मी विचारलं, "आत कुणी बसून बघितलं का?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

चप्पल काढली, पदर खोचला आणि मी आत उतरले. बाई माणूस, हे काय, असं कुणीतरी वर म्हणालं. म्हणू दे. मांडी घातली, डोकं मागं केलं. माती गार होती. पाठ टेकत नव्हती.

"टिकाव द्या," मी खालून म्हटलं. "हितं तासायचंय."

कुणी हललं नाही, तेव्हा परत म्हटलं, जरा मोठ्यानं. मग पुतण्यानं टिकाव दिला. मी मागची बाजू तासली, परत टेकून बघितलं, अजून तासली. बरोबर लागेपर्यंत वर आले नाही.

मग अप्पांना बसवलं. त्यांच्या दोन्ही अंगांना, त्यांनी जपून ठेवलेल्या त्या टोपलीतली माती ओतली. बेल झाला, भस्म झालं, मीठ झालं. पुतण्या वाकला, त्यांच्या कानापाशी गेला आणि तिथूनच मान वळवून मला विचारलं, "ताई, अप्पा शेवटी कानात काहीतरी म्हणायचे ना? काय म्हणायचे?"

तीस-पस्तीस घरची माणसं उभी होती. निम्म्यांना ते वाक्य पाठ होतं. माझ्याकडं बघत होती सगळी.

"काही नाही," मी म्हटलं. "माती लोट."